मोठ्या सरांच्या सहीवर चालणारे रुग्णालय

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या मागील दारी शेवाळावरून पाय घसरून माझी पत्नी पडली आणि तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतरचे अकरा दिवस आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात काढले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पत्नी आज काठीशिवाय देवळापर्यंत जाऊन येते, आणि ज्या सर्जननी ती केली त्यांच्या हाताबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही हा अभिप्राय शस्त्रक्रियेविषयी नाही. एखादे रुग्णालय कोण चालवते, कसे चालवते आणि चालवणारा माणूस जागेवर नसताना ते कसे चालते, एवढ्याच बाबींविषयी मला लिहायचे आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत, आणि पुढे ज्यांचा उल्लेख येईल त्यांतील काही जणी अजून तेथेच नोकरीला आहेत.

माझी एकतीस वर्षे सहकारी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात गेली. शाखेत पाऊल टाकले की मॅनेजरच्या चहाआधी भिंतीवरच्या चौकटी आणि रजिस्टरातल्या सह्या पाहायच्या, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्यात रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाकडे वेळ भरपूर असतो. पत्नी झोपली की मी मजल्यामजल्यावर फिरून कागद वाचत असे. सिस्टर्सना प्रथम हे विचित्र वाटले. तिसऱ्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली, आणि तपासनीसाला याहून सोयीची गोष्ट दुसरी नसते.

आरंभ चांगल्या गोष्टीपासून करतो, कारण ती खरोखरच चांगली आहे. आम्ही रात्री पावणेअकराला कॅज्युअल्टीत पोहोचलो. माझ्या खिशात बाराशे रुपये होते आणि विम्याचे कार्ड घाईत घरीच राहिले होते. कोणीही अनामत रकमेचा विषय काढला नाही. वेदनाशामक इंजेक्शन, एक्स-रे, पायाला आधार, रक्ताचे नमुने हे सारे पाऊण तासात झाले आणि मगच एका मुलाने येऊन नाव, पत्ता आणि विमा आहे का, असे विचारले. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद होता: ‘रुग्ण स्थिर होईपर्यंत नातेवाइकांकडे पैशाचा विषय काढू नये. काढल्यास कारण लेखी द्यावे लागेल.’ खाली तारीख आणि सही. सही संस्थापकांची, ज्यांना तेथे सगळे ‘मोठे सर’ म्हणतात. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या निवासी डॉक्टरला नोकरीला लागून तिसराच आठवडा चालू होता. त्याने मोठ्या सरांना तोवर दोनदा पाहिले होते. तरीही मोठ्या सरांची इच्छा त्याच्या हातून तंतोतंत पाळली गेली, कारण ती कागदावर होती, प्रत्येकाला लागू होती आणि मोडणाऱ्याने काय करायचे तेही त्यात लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मोठे सर राउंडला आले. वय सत्तरीच्या आसपास, पायांत साधी चप्पल, आवाज बारीक. त्यांनी पत्नीच्या पायाकडे पाहण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि रात्री झोप लागली का, हे विचारले. फरशीवर पडलेला कापसाचा बोळा त्यांनी स्वतः वाकून उचलला, आणि मागे उभ्या असलेल्या चौघांपैकी कोणालाही एक शब्द बोलले नाहीत. फरशी पुसणाऱ्या मावशींच्या मुलाचा दहावीचा निकाल त्यांना ठाऊक होता. असा माणूस आपल्या कुटुंबातल्या आजाऱ्यावर उपचार करणार म्हटल्यावर नातेवाइकाचा जीव भांड्यात पडतो. माझाही पडला. सर्वांना आवडणारा शाखाधिकारी असलेल्या शाखांमध्येच रजिस्टरे कशी अर्धवट असायची, हे त्या क्षणी मी विसरलो होतो.

तळमजल्यावर स्वागतकक्षाशेजारी चौकटींची रांग आहे. नोंदणी प्रमाणपत्र, जैववैद्यकीय कचऱ्याचे, अग्निसुरक्षेचे, गर्भलिंग तपासणी केली जात नसल्याचा फलक, आणि एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाचे प्रमाणपत्र. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपल्याकडचा कायदा १९४९ चा. त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. सनद येथे मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि डोळ्यांच्या उंचीवर आहे. दरपत्रकही आहे, पण त्याच्यापुढे शोभेच्या पामची कुंडी ठेवलेली आहे. आयसीयूचा दिवसाचा दर वाचण्यासाठी मला पाने बाजूला करावी लागली. स्वागतकक्षातील मुलीने कुंडी सरकवायची तयारी लगेच दाखवली, पण कुंडी छोट्या सरांनी, म्हणजे मोठ्या सरांच्या मुलाने, सांगून ठेवलेली असल्यामुळे त्यांना विचारून सरकवते, असे ती म्हणाली. अकराव्या दिवशी कुंडी तेथेच होती.

एनएबीएचविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तो शिक्का पाहून निर्धास्त होणारे बरेच जण मला भेटतात. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीत हे मंडळ २००५ पासून काम करते. त्याच्या २०२० च्या पाचव्या आवृत्तीत रुग्णालयांसाठी दहा प्रकरणे, शंभर मानके आणि त्यांखाली ६५१ तपासणीचे मुद्दे होते. या दहांतले एक अख्खे प्रकरण व्यवस्थापनाच्या जबाबदाऱ्यांविषयी आहे: संस्था कोणाच्या हाती आहे, कोणाला कोणते अधिकार आहेत, रुग्णाच्या सुरक्षिततेला उत्तरदायी कोण, हे लेखी असावे. मात्र पूर्ण मान्यता वेगळी आणि प्राथमिक पायरीचे प्रमाणपत्र वेगळे. पहिलीच्या मानाने दुसऱ्याच्या अटी बऱ्याच सुटसुटीत आहेत. या रुग्णालयाकडे दुसरे आहे. लपवलेले काही नाही, चौकटीत स्पष्ट छापलेले आहे, पण छापील पत्रकावर नुसते बोधचिन्ह येते आणि वाचणारा पुढचे वाचत नाही.

त्याच भिंतीवर संचालक मंडळाची छायाचित्रे आहेत. मोठे सर, त्यांच्या पत्नी, छोटे सर, जावई आणि एक चार्टर्ड अकाउंटंट. खासगी कंपनीत असे मंडळ असण्यात बेकायदा काही नाही. उसाच्या पट्ट्यातील निम्म्या संस्था याच धर्तीवर चालतात. मात्र त्या पाच चेहऱ्यांत रोजच्या रोज रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिला दिवसाकाठी तीन-चार शस्त्रक्रियाही करायच्या असतात. मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, चोवीस वर्षे तेथे आहेत. कोणत्या सिस्टरला कोणत्या वॉर्डात किती काळ ठेवले तर काम सुरळीत चालते, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. त्यांचे छायाचित्र तेथे नाही आणि, पुढे कळले त्याप्रमाणे, मंडळाच्या बैठकीलाही त्यांना कधी बोलावलेले नाही.

आता ज्या घटनेमुळे हे सारे लिहावेसे वाटले, तिच्याकडे वळतो.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन देतात. पत्नीला ते रोज रात्री एकदा, ४० मिलिग्रॅम असे लिहून दिलेले होते. पाचव्या दिवशी रात्री आठला ड्युटी बदलण्याच्या वेळी दुपारपाळीच्या सिस्टरने ते दिले. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून घंटा वाजली आणि तक्त्यावर सही करायची राहून गेली. दोन सिस्टर्समधील हँडओव्हर जिन्याच्या तोंडाशी उभ्याउभ्या झाले. सव्वानऊला रात्रपाळीच्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या. तक्त्यावरचा चौकोन कोरा होता. पत्नी म्हणाली, “मघाशी एकदा पोटात दिलं की.” सिस्टर म्हणाल्या, “ते साखरेचं असेल, काकू.” पत्नीला मधुमेह आहे, इन्सुलिनही पोटातच देतात, त्यामुळे हे उत्तर अगदी पटण्यासारखे होते. इंजेक्शन दिले गेले, आणि या वेळी सहीही झाली.

साडेदहाला त्याच सिस्टर परत आल्या. त्यांच्या हातात काही नव्हते. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काका, माझ्याकडून चूक झाली आहे.” पत्नीचे बोलणे मनातून जात नसल्यामुळे त्यांनी घरी पोहोचलेल्या दुपारपाळीच्या सिस्टरला फोन करून विचारले होते. दुप्पट मात्रा गेली होती. नखांवर लाल नेलपॉलिशचे उडालेले टवके, डाव्या हाताच्या बोटांत गुंडाळलेला पदराचा शेव, वय फार तर तेवीस. त्या न सांगत्या तर आम्हांला आयुष्यभर कळले नसते, कारण कागदावर एकच इंजेक्शन आणि एकच सही होती.

निवासी डॉक्टर वर यायला चाळीस मिनिटे लागली. त्यांनी ड्रेसिंग पाहिले, रक्तदाब घेतला आणि घाबरण्यासारखे काही नाही, असे सांगितले. वैद्यकीयदृष्ट्या ते चुकीचे नव्हते. पुढे काय करायचे, रात्रीत किती वेळा तपासायचे, कोणाला कळवायचे, याविषयी मात्र त्यांच्यापाशी कोणताही ठरलेला मार्ग नव्हता. “सकाळी मोठ्या सरांना सांगतो,” एवढेच ते म्हणाले. आता का नाही, असे मी विचारले. “या वेळी सरांना फोन करायचा म्हणजे…” एवढे बोलून ते थांबले. शेवटी सिस्टरनेच स्वतःहून दर तासाला येऊन ड्रेसिंग आणि रक्तदाब पाहिला. पहाटे पाचला त्या पाचव्यांदा आल्या, तेव्हा पत्नीनेच त्यांना पाणी दिले.

सकाळी साडेसातला मोठे सर आले. त्यांनी इतरांना बाहेर थांबायला सांगितले, स्टूल ओढून ते बसले आणि काय झाले, त्याने काय होऊ शकले असते, आता काय तपासणार, हे साध्या मराठीत सांगितले. “चूक आमची आहे,” हे त्यांचे शब्द. हिमोग्लोबिन तपासले, ते ठीक आले. पुढचे इंजेक्शन एक वेळ लांबवले. त्या तपासण्यांचे पैसे लागणार नाहीत, असे त्यांनी केस पेपरवर स्वतःच्या हाताने लिहिले. मी आयुष्यात बरेच वरिष्ठ अधिकारी पाहिले आहेत. चुकीसमोर असे सरळ बसणारे दोन किंवा तीन. नेतृत्व म्हणून मी त्या सकाळला पूर्ण गुण देईन.

पण दुपारी मावशींकडून कळले, की रात्रपाळीच्या सिस्टरना मेमो मिळाला आहे. तो छोट्या सरांच्या कार्यालयातून निघाला होता आणि त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द होता. सही विसरलेल्या सिस्टरना तोंडी समज मिळाली. जिन्याच्या तोंडाशी होणाऱ्या हँडओव्हरविषयी, बावीस रुग्णांमागे रात्री दोन सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी असण्याविषयी, सारख्याच दिसणाऱ्या दोन सिरिंज एकाच ट्रेमध्ये ठेवल्या जाण्याविषयी कोणीच कोणाला काही विचारले नाही. घटनेची नोंद करण्यासाठी छापील नमुना आहे का, असे मी चौकशीच्या सुरात विचारले. आहे म्हणाले. त्याची वही कपाटात होती आणि कपाटाची किल्ली क्वालिटीच्या मॅडमकडे. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येत.

बँकेत संध्याकाळी कॅशमध्ये पाचशेची तूट आली आणि कॅशिअरने ती स्वतःहून सांगितली, की त्याला मेमो द्यायचा की नाही, हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आला आहे. आरंभीच्या वर्षांत मी मेमो देत असे. पुढे लक्षात आले, की मेमो दिलेल्या शाखांमध्ये तूट येणे बंद होत नाही. तूट कळणे तेवढे बंद होते, कॅशिअर खिशातून भरतो आणि मूळ गळती तशीच राहते. त्या रुग्णालयात आता पुढच्या वेळी रात्री साडेदहाला दारात येऊन कोण सांगणार आहे? स्ट्राँगरूमचे उदाहरणही मी मोठ्या सरांना दिले. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक कॅशिअरकडे. त्या दोघांपैकी कोणी चोर आहे म्हणून नव्हे, माणूस थकतो म्हणून. रक्त पातळ करणारी औषधे, इन्सुलिन आणि पोटॅशियम यांच्याबाबत दोघींनी पाहून दोघींनी सही करण्याची पद्धत चांगल्या रुग्णालयांत असते. त्यांनी मान डोलावली. त्याच रात्रीपासून आमच्या खोलीत दोन सिस्टर येऊ लागल्या आणि दोघी सही करू लागल्या. मला बरे वाटले. शेजारच्या खोलीतल्या, जयसिंगपूरकडच्या आजोबांना तेच इंजेक्शन चालू होते. त्यांच्याकडे मात्र एकच सिस्टर जात असे. मोठ्या सरांनी सांगितले ते आमच्या खोलीपुरते सांगितले होते, आणि ते तेवढ्यापुरतेच पाळले गेले.

या संस्थेची खोट मला येथे नेमकी दिसली. कॅज्युअल्टीतील कागदावर मोठ्या सरांचा चांगुलपणा नियम होऊन बसला आहे, म्हणून तो त्यांच्या गैरहजेरीत, तीन आठवड्यांच्या नोकराच्या हातूनही चालतो. दुसऱ्या मजल्यावर तोच चांगुलपणा त्यांच्या पायांनी चालतो, आणि ते जिन्यावरून खाली उतरले की संपतो.

अग्निसुरक्षेविषयी थोडक्यात. दुसऱ्या मजल्यावरील आपत्कालीन जिन्याच्या दाराशी जुन्या गाद्या आणि एक मोडकी व्हीलचेअर होती. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत असल्याचा ‘ब’ नमुन्यातील दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. जुलैचा दाखला भिंतीवर व्यवस्थित लावलेला होता. यंत्रणेचा दाखला गाद्या मोजत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, त्याला अजून फार वर्षे झालेली नाहीत. मी व्यवस्थापकांना सांगितले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा मोकळी केली, त्याबद्दल त्यांचे आभार. नवव्या दिवशी गाद्या परत आल्या. व्हीलचेअर आली नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मी घड्याळ लावून बसलो होतो. सकाळी ९.४० ला घरी जायची परवानगी मिळाली. सारांशाचा कागद १२.१० ला टाइप होऊन आला. त्यावर आणि अंतिम बिलावर मोठ्या सरांची सही लागते, आणि मोठे सर दीडपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये होते. १.४५ ला सह्या झाल्या, २.०५ ला कागद विमा कंपनीकडे गेले, ३.५० ला मंजुरी आली. विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे, आणि त्याहून उशीर झाल्यास रुग्णालयाने आकारलेली जादा रक्कम कंपनीनेच सोसायची आहे. येथे कंपनीने पावणेदोन तास घेतले. रुग्णालयाने त्याआधी चार तास पंचवीस मिनिटे घेतली होती. बिलिंग काउंटरवरचा मुलगा मात्र येणाऱ्या प्रत्येकाला “इन्शुरन्सवाल्यांचं अडलंय” असेच सांगत होता. त्याला दोष देत नाही. त्याला तसेच सांगायला शिकवलेले असावे. दुपारी बारानंतर थांबल्याबद्दल अर्ध्या दिवसाचे खोलीभाडे, रुपये १,७५०, बिलात लागले होते. थांबलो कोणामुळे, असे विचारल्यावर ते कमी करता येईल, असे उत्तर मिळाले. फक्त मोठ्या सरांची सही लागेल, आणि ते पुन्हा थिएटरमध्ये गेले होते.

बिल म्हणून बिल स्वच्छ होते, हे नमूद करायला हवे. बसवलेल्या इम्प्लांटचे स्टिकर केस पेपरवर चिकटवलेले होते आणि त्यावरचा क्रमांक बिलातील क्रमांकाशी जुळत होता. औषधे त्यांच्याच दुकानातून घेण्याची सक्ती नव्हती. विम्यात न बसणाऱ्या वस्तूंची वेगळी यादी मागितल्यावर ती दहा मिनिटांत मिळाली. खटकली ती सवलत. काउंटरवर मी काहीही न मागता पाच हजारांची सूट दाखवली गेली, कारण मोठ्या सरांनी ‘काकांना बघा’ असे सांगून ठेवले होते. जयसिंगपूरकडच्या आजोबांच्या मुलाने दोन दिवस आधी पूर्ण रक्कम रोखीने भरली होती. त्याला सूट नव्हती, कारण त्याने ती मागितली नाही, आणि मागायची असते हे त्याला ठाऊक नव्हते. सूट कोणाला, किती, कोणत्या कारणाने, याचा कोठेही कागद नाही. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते आणि त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. हे रुग्णालय ट्रस्टचे नाही, कंपनीचे आहे, त्यामुळे ते बंधन त्याच्यावर नाही. वर्षभरात सोडलेली रक्कम त्या निधीपेक्षा अधिकही भरत असेल, कारण मोठ्या सरांचा हात सढळ आहे. ती गरजूकडे जाते की ओळखीच्याकडे, हे मात्र त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही.

बिल भरून झाल्यावर एक फॉर्म पुढे आला. अकरा प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकोन. फॉर्म देणारी मुलगी म्हणाली, “सगळीकडे एक्सलंटला टिक करा काका, म्हणजे लवकर होईल.” मी घरी नेऊन भरतो म्हटल्यावर ती गोंधळली, फॉर्म घरी नेण्याची सोय नव्हती. ज्या कारभाराला आपली खरी स्थिती जाणून घ्यायची असते, तो हा प्रश्न माणसाला व्हीलचेअर ढकलत दाराशी उभे असताना विचारत नाही.

घरी आल्यावर मी पाच मुद्द्यांचे पत्र लिहिले आणि सोबत केस पेपरच्या प्रतीची मागणी केली. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. मला त्या पाचव्या दिवशी मिळाल्या. मोठे सर मुलीकडे परदेशी गेले होते आणि नोंदी बाहेर देण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता. प्रत मात्र संपूर्ण होती, एक पानही गाळलेले नव्हते, दुसऱ्या इंजेक्शनचा उल्लेखसुद्धा मोठ्या सरांच्या हस्ताक्षरात जसाच्या तसा होता.

कोणाला या रुग्णालयात जायचे असेल, तर जरूर जावे. उपचारांना मी पाचांपैकी साडेचार देईन आणि कारभाराला अडीच. नियोजित शस्त्रक्रिया असेल, तर मोठे सर गावात आहेत याची खात्री करून तारीख घ्यावी. डिस्चार्जचा सारांश आदल्या संध्याकाळीच तयार करून ठेवायला सांगावे. रोजची औषधे एका वहीत वेळेसह लिहून ठेवावीत, आणि रुग्ण ‘मघाशीच दिलं’ म्हणाला तर सिस्टरचा हात नम्रपणे थांबवावा. सूट मागावी.

दीड महिन्याने एक्स-रे दाखवायला गेलो. पत्राचे उत्तर आले नव्हते, पण मोठ्या सरांनी पत्र वाचले असल्याचे स्वतःहून सांगितले आणि मेट्रनना भेटून जायला सुचवले. मेट्रन दुसऱ्या मजल्यावर होत्या. त्यांनी कपाटातून नवा तक्ता काढला. जाड कागद, नवी छपाई, जोखमीच्या औषधांसाठी पिवळी पट्टी आणि तिच्यात दोन रकाने: ‘देणारी’ आणि ‘पाहणारी’. सगळ्या मजल्यांवर लागू, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या आवाजात चोवीस वर्षांत प्रथमच स्वतःचे काहीतरी छापून आल्याचा आनंद होता. मी भरलेला एखादा नमुना पाहायला मिळेल का, असे विचारले. रुग्णाच्या नावावर तळवा ठेवून त्यांनी एक तक्ता माझ्यापुढे धरला. दिवसाच्या नोंदींमध्ये दोन वेगवेगळ्या सह्या होत्या. रात्रीच्या ओळींमध्ये सह्या दोनच होत्या, पण अक्षर एकाच हाताचे होते, शाईसुद्धा तीच, दुसऱ्या नावाचा फराटा पहिल्यासारखाच डावीकडे वळलेला.

मी काही बोललो नाही. मेट्रननी माझी नजर कोठे थांबली ते पाहिले, तक्ता मिटवला आणि कपाटात ठेवला.

“रात्री बावीसला दोघीच आहेत अजून,” त्या म्हणाल्या. “तेही लिहा पत्रात. मी लिहिलं तर ते छोट्या सरांच्या टेबलावर जातं.”